डोमाजी मिस्त्रींची करंगळी

या, असे पुढं सरकून बसा. कीर्तनाला अजून अवकाश आहे. तोवर आपल्यातल्याच एका माणसाची गोष्ट सांगतो. तिच्यात चमत्कार नाही. आम्ही मात्र बरेच दिवस तो चमत्कारच समजत होतो, म्हणून सांगायची.

"डोळे मिटून सांगतात मिस्त्री! बघाच तुम्ही," हेमचंद्र वकील आपल्या पाहुण्यांना म्हणत होते.

अकोल्यात, जुन्या शहराच्या उतारावर डोमाजींचं गॅरेज. मी, वामनराव, शेजारचाच. दुपारी त्यांच्या बाकावर बसायचो. वकील अमरावतीचे. वडिलांची जुनी हेराल्ड गाडी त्यांनी डोमाजींकडे दुरुस्तीला दिली होती. आठ महिन्यांत इंजिन झालं, रंग झाला, गाद्या झाल्या. राहिले ते दोन मास्टर सिलिंडर, म्हणजे पाय पॅडलवर पडला की तेल पुढं ढकलणारी नळकांडी. एक ब्रेकचं, एक क्लचचं. बाहेरून जुळी भावंडं. ब्रेकच्याचं भोक दीड-दोन मिलिमीटरनं मोठं, एवढाच काय तो भेद. दोन्ही एकाच खोक्यात आलेली, वर ना चिठ्ठी ना खूण.

डोमाजी आत करंगळी फिरवून सांगायचे, कोणतं कशाचं. चाळीस वर्षं तसंच. त्या दिवशीच्या पाहुण्यांकडे अशाच तीन जुन्या गाड्या होत्या. हे काम मनास आलं तर त्याही इथंच येणार होत्या. डोमाजींनी साठी ओलांडलेली. गॅरेजात दुसरं काम उरलं नव्हतं. त्या तीन गाड्या आल्या तर शटर उघडं राहणार होतं.

त्यांनी एकात करंगळी घातली, फिरवली. मग दुसऱ्यात. मग पुन्हा पहिल्यात. मला वाटलं, पाहुण्यांसमोर रंग भरताहेत.

"हे ब्रेकचं," डोमाजी म्हणाले.

पाहुण्यांनी टाळी वाजवली. वकिलांचा ड्रायव्हर अमोल तेवढा भोकं मोजायची पट्टी घेऊन पुढं आला. "मिस्त्री, एकडाव व्हर्नियर लावून पाहू का?"

"बापा, तुहा जन्म नव्हता तवापासून हे बोट आत जाऊन राह्यलं. व्हर्नियर लावजो तुह्या पोराच्या बारशाले."

सगळे हसले. अमोलही हसला.

सिलिंडर बसले. नळ्यांतली हवा काढायला अमोल चाकाशी बसला, डोमाजी पॅडल दाबत राहिले.

"कसं लागते, मिस्त्री?"

"टाइट. झ्याक."

पहिली फेरी एकट्यानं मारायची, हा त्यांचा नेम. गाडी उतारानं निघाली. खाली मारुतीच्या देवळापाशी हारवाली बसलेली. तिथं वळायचं म्हणून गाडी हळू व्हायला हवी होती, झाली नाही. पॅडल पार तळाला टेकलेलं. मग हँडब्रेक करकरला, बंपर ओट्याला घासला आणि गाडी उभी राहिली. हारवालीच्या टोपलीत अन् चाकात वीतभर अंतर. ती बाई हातातला दोरा तसाच धरून बसली.

डोमाजी उतरले आणि चढ चढून आमच्याकडे यायला लागले. वैशाखातली दुपार, डांबर मऊ झालेलं. गॅरेजमागच्या घरातून त्यांची बायको जमुनाबाई धावत आल्या आणि मध्येच थांबल्या.

"आवो, एक चप्पल कुठी हाय?"

डोमाजींनी खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी होता. चप्पल गाडीतच राहिली होती. पाहीपर्यंत त्यांना ते ठाऊकच नव्हतं.

मी तिथंच बाकावर बसलो. मागच्या हनुमान जयंतीला भर दुपारी देवळाच्या फरशीवर आम्ही सगळे सावलीकडे उड्या मारत पळालो, तेव्हा डोमाजी अनवाणी, शांत, टाळ वाजवत उभे होते. मीच मोठ्यानं म्हणालो होतो, "पाहा, नामात रंगला त्याला चटका लागत नाही!" लोकांनी त्यांच्या पायांवर डोकी ठेवली होती.

पाहुणे गेल्यावर डोमाजी माझ्याशेजारी बसले. "शुगर हाय, वामनराव. दोन वर्षं झाले. पायाले काही लागत नाही. आता बोटालेही नाही."

"सांगितलं का नाहीत?"

"सांगनारच होतो त्या दिवशी. पन तुमी सगळे पाया पडून राह्यले होते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अदलाबदल झालेले दोन्ही सिलिंडर काढले आणि एकाच्या जागी दुसरा बसवला. या खेपेला पॅडलवर जमुनाबाई होत्या. पदर खोचून, पाय धुऊन गाडीत बसलेल्या. डोमाजी चाकाखाली.

"कसं लागते?"

"मऊ."

"आता?"

"खाली जाते अजून."

"दाबून धर. सोडू नको. आता?"

"आता दगडावानी."

"पुन्हा म्हन."

"दगडावानी, म्हनलं ना! कितीकडाव म्हनू?"

चाकाखाली डोमाजींनी नट आवळला.

अमोलनं गाडी चालवून पाहिली. वितीत उभी राहिली. वकील भला माणूस. "होतं मिस्त्री असं," म्हणाले आणि गाडी घेऊन गेले. पाहुण्यांच्या तिन्ही गाड्या नागपूरला गेल्या. दिवाळीआधी अमरावतीच्या दवाखान्यात डोमाजींच्या उजव्या पायाची दोन बोटं काढली. गॅरेजच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. डॉक्टर म्हणतात, पाय वाचेल असं सांगता येत नाही.

संध्याकाळी त्या बाजूला गेलात तर दिसेल. उजेड असेतो जमुनाबाई ओसरीत बसतात, नवऱ्याचा पाय मांडीवर घेतात, तळव्याखाली हातातला छोटा आरसा धरतात आणि बोटाबोटामधून पाहत जातात, कुठं काच, कुठं फोड, कुठं खडा. मग दोन्ही हातांची बोटं एकेक उलटून पाहतात. डोमाजी भिंतीकडे तोंड करून बसतात.

"आज काही नाही," त्या म्हणतात.

ते मान हलवतात. त्यांना कळायला दुसरा मार्ग नाही.

चमत्कार म्हणून आम्ही ज्या पायांवर डोकी ठेवली, त्यांचे फोड त्या रात्री या बाईनं धुतले होते आणि आमचा आनंद मोडू नये म्हणून कुणाला बोलली नव्हती. तिच्या पाया कुणी पडलं नाही, मीही नाही. आता कीर्तन संपल्यावर देवापुढं हात जोडाल, तेव्हा एवढं करा. जमुनाबाईंची आठवण ठेवा.