शेऱ्याचा रकाना

शिंप्याच्या गच्चीवर तिने धूळ मोजायचं यंत्र बसवून बारा दिवस झाले होते. या बारा दिवसांत तिच्याशी बोललेला माणूस एकच, तो शिंपी. बाकी गल्ली तिला ‘कोळसेवाली’ म्हणायची आणि ती दिसली की गप्पा आवरत्या घ्यायची. कोळशाचा वीजप्रकल्प येण्याआधी इथली हवा कशी आहे, एवढंच तिला नोंदवायचं होतं. पण पगार प्रकल्पाच्या कंपनीचा, म्हणजे तीही कंपनीचीच. शिंपीकाका तर विरोध समितीचे पुढारी. तरी रोज सकाळी कपभर चहा पुढे करायचे. त्या चहापुरतं तिला इथे कोणीतरी होतं.

त्या सकाळी चहा घेता घेता तिने विचारलं, “काका, पहिले दोन दिवस धूळ नव्वद होती. आता जेमतेम चाळीस. असं कसं?”

काकांनी कात्री खाली ठेवली. “लखलखीत आहे ना आमची हवा? पहाटेच टँकरने रस्ता भिजवतो. बेकरीची भट्टीही बंद ठेवलीय. एवढी स्वच्छ हवा बिघडवणार म्हटल्यावर होऊ दे कंपनीची नाचक्की!”

तिने कप खाली ठेवला.

“उलटं झालं हो, काका. मर्यादा शंभरची. प्रकल्पाच्या चिमणीचे वीस धरले तरी साठच होतात, म्हणजे मंजुरी त्यांच्या खिशात. खऱ्या नव्वदवर वीस घातले असते, तर अडले असते.”

काकांनी बोटातली अंगुस्तानी, ती शिवणाची टोपी, काढून मशीनवर ठेवली.

“मला शेऱ्याच्या रकान्यात पाणी मारल्याचं लिहावं लागेल,” ती म्हणाली. “मग हे नमुने बाद. पुन्हा मोजणी.”

“म्हणजे आम्ही लबाड, तुझ्या सहीनिशी? अगं, भट्टी बंद ठेवायला त्या बेकरीवाल्याच्या हातापाया पडलोय मी. आता कोणत्या तोंडाने सांगू त्याला?”

“नाही लिहिलं तर प्रकल्प येईल.”

“मग लिही की! मला कशाला विचारतेस?”

तिने लिहिलं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, कोळसेवालीने आपल्याला खोटं पाडलं. पाण्याचा हिशेब कसा उलटला, हे काकांनी कोणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रस्ता कोरडा होता, भट्टीही पेटलेली. गच्चीची किल्ली दाराबाहेर खिळ्याला लटकत होती आणि दार बंद. आत शिलाई मशीन चालू होतं. तिने कडी वाजवली. मशीन थांबलं. ती उभी राहिली. मग मशीन पुन्हा सुरू झालं, आणि ती किल्ली घेऊन जिना चढू लागली.