भायरचां

हरिश्चंद्र आजगावकरांनी त्या महिन्यात तिसऱ्यांदा स्वयंपाक केला. बांगड्यांच्या तिखल्यात तिरफळं दोनदा पडली आणि मीठ एकदाही पडलं नाही. मागच्या पडवीत वेगळ्या चटईवर बसलेल्या यशोदाबाई वासावरून सगळं ओळखत होत्या.

"ओ, ऐकलांत? तिरफळां कितकी घातलात?"

"मोजूक नाय."

"कचेरीत मेलेली माणसां मोजतास आणि तिरफळां मोजूक जमणा नाय?"

हरिश्चंद्र तालुक्याच्या कचेरीत जन्ममृत्यूच्या नोंदींचे कारकून होते. पंधरा वर्षांत एका नोंदीवर शाई सांडली नव्हती, ही त्यांची कीर्ती. मेलेल्यांपैकी कोणी कधी तक्रार घेऊन आलं नाही, हेही ते अभिमानाने सांगत.

यशोदाबाईंची पाळी दोन वर्षांपूर्वी थांबली होती. सुटलो, असं दोघांनाही वाटलं होतं, हरिश्चंद्रांना तर फक्त चुलीपुरतं. चैत्रात पुन्हा सुरू झाली ती धरबंद सोडूनच. "माका परत तरणेपण इलां," असं त्या शेजारणींना हसत सांगत. पण हल्ली खांब धरल्याशिवाय उठत नसत. गावात देवस्की करणाऱ्या दाजी घाड्याने तांदूळ टाकून निदान केलं होतं, "भायरचां आसा." म्हणजे कुणाची तरी बाधा. व्हाळाकडच्या झाडाला तांबडा कोंबडा दिला गेला. कोंबडा गेला, बाकी सगळं होतं तिथेच राहिलं.

त्या गोष्टीवर नवरा-बायको बोलत नसत. 'भायर बसलंय' एवढंच यशोदाबाई म्हणत, आणि हरिश्चंद्र कमरेला पंचा गुंडाळून चुलीकडे जात. तीस वर्षांच्या संसारात त्यांच्यात या विषयावर झालेलं संभाषण इतकंच.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मुंबईच्या एका इस्पितळातल्या डॉक्टरांचं पत्र आलं. तुमच्या बाजूच्या बायका आमच्याकडे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर घेऊन येतात, आणि येतात त्या अगदी शेवटी. तरी गेल्या दहा वर्षांत पस्तीस ते साठ वयाच्या किती स्त्रिया कशाने वारल्या ते गाववार कळवावं, अशी विनंती होती. हरिश्चंद्र खूश झाले. पंधरा वर्षांत प्रथमच कोणाला त्यांची मयतं हवी होती.

बाबली शिपायाने कपाटावरून दप्तरं काढली, धूळ झटकली आणि दोघेही शिंकले. दुपारपर्यंत आकडा तयार झाला. अशा आजाराने वारलेल्या स्त्रिया: तीन.

"तीनच?" बाबली म्हणाला. "बरां आसा मगे. हवा चांगली आमची."

हरिश्चंद्रांनी पेन टिपलं, पण ते खाली ठेववेना. उठले, पाणी प्यायले, बसले, पुन्हा उठले. शेजारच्या रकान्यात काहीतरी खुपत होतं. तो रकाना 'परगावचे' असा. गावात पाहुणे म्हणून, जत्रेला, धंद्याला आलेलं माणूस वारलं, तर त्याची नोंद तिथे व्हायची आणि गावच्या बेरजेतून ते वजा व्हायचं.

"बाबली, आमच्या तालुक्यात परगावच्या बायल्यो मरूक कित्याक येतत रे?"

"पुरुष येणत नाय?"

"आठ. बायका एकेचाळीस. सगळ्यो चाळीस-पन्नासच्या आतबाहेर."

बाबलीने विचार केला. "आंगणेवाडीच्या जत्रेक येत असतीत, भाऊनू."

"पावसाळ्यात?"

बाबली चहा आणायला गेला. हरिश्चंद्रांनी मसुऱ्याचं पान उलटलं, आणि त्यांच्या स्वतःच्या वळणदार अक्षरात समोर आलं: सुशीला, वय सत्तेचाळीस, परगावची.

ही त्यांची सख्खी आत्या. ती जन्मात खाडीपलीकडे गेली नव्हती. मसुऱ्यात जन्मली, मसुऱ्यातच दिली, मसुऱ्यातच वारली. तिच्या बाराव्याला हरिश्चंद्र स्वतः जेवून आले होते, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत बसून तिला परगावची केली होती.

त्यांनी पोलीस पाटलांनी पाठवलेले मूळ कागद उपसले. एकेचाळीसही कागदांवर मरणाच्या कारणापुढे एकच शब्द होता, 'बाहेरचे'. मग उलगडलं. गाव म्हणायचं, बाईला भायरचां झालां. सरकारी कागद म्हणजे शुद्ध मराठी हवी, म्हणून पाटील 'भायरचां' पुसून 'बाहेरचे' लिही. आणि कचेरीचा उंबरा ओलांडताच मालवणी चपलांसोबत दारात काढून ठेवणारे हरिश्चंद्र 'बाहेरचे' म्हणजे बाहेरगावचे समजून रकाना बदलत. पाटलाने भाषा सुधारली, हरिश्चंद्रांनी रकाना सुधारला. एकेचाळीस बायका दोन सुधारणांत गावाबाहेर पडल्या.

आत्या शेवटचे आठ महिने मागच्या पडवीतच होती, हे त्यांना आठवलं. तिलाही हसत हसत तरणेपण आलं होतं. तिचंही निदान दाजी घाड्याचंच होतं.

बाबली चहा घेऊन आला तेव्हा खुर्ची रिकामी होती. शाईची दौत मसुऱ्याच्या पानावर आडवी झाली होती.

घरी येऊन हरिश्चंद्र अंगणात तीन फेऱ्या घालून आले. खळ्याचा दगडी गडगा सारखा केला, सारखाच होता. विहिरीत वाकून पाहिलं. शेवटी पडवीच्या दाराशी उभे राहिले.

"इतक्या बेगीन?" यशोदाबाई म्हणाल्या. "बरां वाटणा नाय?"

"परवा शेवटची बोट. मगे पावसाळो. बोटी थेट नवरात्रात."

"मगे?"

"मुंबैक जावया."

"कित्याक?"

कित्याक, ते त्यांच्या तोंडातून निघेना. त्या जागेचं नाव घेणारा शब्द त्यांच्या मालवणीत होता तो शिवीतला, दुसरा नव्हता. त्यांनी खिशातून पत्र काढलं आणि कचेरीच्या आवाजात, शुद्ध मराठीत वाचायला लागले. "सदर स्त्रियांस पाळी कायमची थांबल्यानंतर पुनश्च रक्तस्राव होतो. कंबर व ओटीपोट दुखते. अशक्तपणा येतो. बहुतेकजणी लज्जेमुळे अथवा बाहेरची बाधा समजून घरीच राहतात. वेळेवर आल्यास रेडियमच्या उपचाराने पुष्कळ स्त्रिया बऱ्या होतात."

यशोदाबाई आधी त्यांच्या आवाजाला हसत होत्या. मग हसू थांबलं.

"ह्यां माजां कोणी लिवलां?"

"तुजां नाय. सगळ्यांचां."

"सुशीलाआत्येचां पण?"

"होय."

"तुमी वहीत काय लिवलात तिचां?"

हरिश्चंद्रांनी पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. नावाचा मान राखायचा तर खरं सांगायला हवं होतं. "परगावची," ते म्हणाले.

यशोदाबाईंनी बाहेर पाहिलं. परसात कोंबडी पाचोळा उकरत होती.

"आणि माका खंयच्या गावची लिवतलात?"

हरिश्चंद्रांनी पत्र खिशात ठेवलं. मग यशोदाबाईंनीच सवयीप्रमाणे कामाचं काढलं. परवा बोट म्हणजे आपला चौथा दिवस पुरा होत नाही, होडीत माणसाला माणूस चिकटून बसतं, भरल्या होडीला विटाळ कसा करायचा? नवरात्रातली बोट बघू.

"नवरात्रापर्यंत..." हरिश्चंद्र म्हणाले. मग चप्पल काढली, पडवीत उतरले आणि थेट तिच्या चटईवर जाऊन बसले. तीस वर्षांत त्या चटईला त्यांचा पाय लागला नव्हता.

"ओ! शिवू नकात!"

"शिवलंय." त्यांनी तिचा हात धरला. हात थंडगार होता. "आता मी पण भायर बसलंय. जेवण कोण करता तां बघूया."

"खुळे झालात? कोणी बघितल्यान तर?"

"बघूंदे. परवा दोघांव जाताव. होडीत इचारलां तर सांगतंय, विटाळ माका आसा."

यशोदाबाईंना हसू आलं, आणि त्याच हसण्यात डोळे भरले. हात मात्र त्यांनी सोडवून घेतला नाही. त्या रात्री कोणीच स्वयंपाक केला नाही. दोघांनी पडवीतच बसून चुरमुरे आणि गूळ खाल्ला.

तिसऱ्या दिवशी बोट बाहेर खोल पाण्यात उभी होती. किनाऱ्यावरून होडी निघाली तेव्हा वारा फिरला होता, आणि तांडेल माणसं ओरडून ओरडून मधे सरकवत होता. यशोदाबाईंच्या एका बाजूला केळ्यांचा घड, दुसऱ्या बाजूला हरिश्चंद्र. त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत डॉक्टरांना द्यायचं उत्तर होतं. तीनवर काट मारून चव्वेचाळीस केले होते आणि खाली कारण लिहिलं होतं, दोन पानं, शाईच्या डागासकट. दर लाटेला ते पिशवी चाचपत, मग यशोदाबाईंचा खांदा चाचपत, मग पुन्हा पिशवी.

"बसा हो जरा गप," त्या म्हणाल्या. "कितक्यो झाल्यो म्हणालात सगळ्यो?"

"चव्वेचाळीस."

होडी एका लाटेवर चढली, उतरली. बोटीची शिडी जवळ आली. यशोदाबाईंनी पदर खोचला आणि उठायला त्यांचा हात मागितला.

"पंचेचाळीस करू नकात हां," त्या म्हणाल्या.