नवा कर पुकारणारा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. माझा निळा रंग उडाला आहे आणि कडेला पोचा पडला आहे. मित्रांनो, मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसर यांच्या मधल्या एका गावात, नगरपरिषदेच्या अडगळीच्या खोलीत मी पडून असतो. गावाचे नाव सांगत नाही. तिथली माणसे वाईट नाहीत.

नागपूरच्या एका कारखान्यात मी पत्र्यातून घडलो. परिषदेने मला ऑटोच्या टपावर बसवले आणि माईक वामनच्या हातात दिला. वामन हा रोजंदारीवरचा दवंडीवाला. हातातला कागद हिंदीत असायचा, पण तो आपल्या बोलीत सांगायचा. नळ कधी येणार, लेकरांना डोस कुठे द्यायचा, हे गावाला माझ्याकडून कळे. बाजारात हरवलेली एक मुलगी माझ्या हाकेने आईला सापडली, तेव्हा लोकांनी मला झेंडूचा हार घातला होता.

मग शासनाची योजना आली. जी परिषद स्वतःचा नवा कर लावील, तिलाच विकासाचा निधी मिळणार होता. परिषदेने घरोघरी स्वच्छता कर लावला. माझ्या तोंडून वामन गल्लोगल्ली सांगू लागला, "कर भरा. कर भरला का सरकारचा पैसा येते, अन् तुमच्या गल्लीतली नाली झाकली जाते."

मागच्या गल्लीतली कुसुम हे ऐकून दारात आली. ती शिवणकाम करायची. तिचे सासरे नत्थूजी यांना नीट दिसत नव्हते आणि सांडपाण्याची उघडी नाली त्यांच्या उंबऱ्यासमोरच होती. तिने आपला कर भरला. शेजारणी कुरकुरत होत्या, त्यांनाही तिने समजावून भरायला लावले.

निधी आला. त्यातून नागपूर रस्त्यावर स्वागताची कमान उभी राहिली. तिच्यावर रंगीत दिवे लागले, परिषदेच्या अध्यक्षांचे नाव लागले. नाली उघडीच राहिली. पावसाळ्यात पाण्याखाली नाली आणि रस्ता एक झाले, आणि नत्थूजी नालीत पडले. कमरेचे हाड मोडले. ते परत उठून चालले नाहीत.

थोड्याच दिवसांनी वामनला नवा कागद मिळाला. पुढचा कर न भरणाऱ्यांचे नळ तोडणार, असे त्यात होते. ऑटो मागच्या गल्लीत शिरला तशी कुसुम आडवी उभी राहिली.

"वामनभाऊ, तुह्या बोलण्यावर आमी पैसे भरले."

"मले परिषद कागद देते, बाई. मी वाचतो."

"मंग माईक इकडे दे. माह्यापाशी कागद नाही, तरी बोलीन."

वामनने माईक तिच्या हातात दिला.

"आमचा कर घेतला," ती म्हणाली. "सरकारचा पैसा आला, त्याची कमान झाली. माहा सासरा नालीत पडला. आता पुढचा कर काहून भरावा, ते परिषदेनं येऊन सांगावं."

बायका दारात आल्या. एकही आत गेली नाही. माझ्या आयुष्यात इतके खरे मी कधी बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी वामनचे काम सुटले. मलाही टपावरून उतरवले. माझ्या जागी आता एक काळा डबा आहे. त्यात कुणा अनोळखी बाईचा गोड आवाज भरून ठेवला आहे. त्याच्याकडून माईक मागून घेता येत नाही.

मित्रांनो, मला पुसा, रंग द्या, असे मी म्हणणार नाही. तुमच्या दारावरून कराची हाक गेली, तर बाहेर या आणि मागच्या पैशाचे काय झाले ते विचारा. एवढी काळजी घ्या.

परिषदेतून कुसुमला उत्तर द्यायला कोणी गेले नाही. शेवटी गल्लीतल्या बायकांनी आपापल्या घरच्या फरश्या आणून नालीवर टाकल्या. आज सकाळी ऑटोवरचा तो डबा माझ्या खोलीच्या खिडकीखालून गेला. गोड आवाज सांगत होता की, नालीवर विनापरवाना फरश्या टाकणाऱ्यांकडून दंड घेतला जाईल.