पाठमोऱ्या बायका

"काका, तुमच्या सगळ्या बायका पाठमोऱ्याच का हो?" साप्ताहिकाच्या नव्या संपादिकेनं विचारलं आणि चित्रकाराला चहाचा ठसकाच लागला. "या कथेला चेहरा हवाय. पन्नाशीची बाई, पानभर. गुरुवारपर्यंत द्या."

पोरगी लेकीच्या वयाची, पण बोट नेमकं वर्मावर ठेवलं. गेली सव्वीस वर्षं तो कथांची चित्रं काढत होता. त्यांतल्या खिडकीत उभ्या, भांडी घासणाऱ्या, बसची वाट पाहणाऱ्या सगळ्या बायका म्हणजे त्याची बायकोच होती. लग्नानंतर चार वर्षांनी तिच्या गालावर आणि हनुवटीवर कोड उठलं. तेव्हापासून ती त्याच्यासाठी उभी राहायची ती एकाच अटीवर, तोंड भिंतीकडे. बाकी संसार झकास चालला होता. ती त्याच्या चित्रांना नावं ठेवायची, तो तिच्या चहाला.

घरी येऊन त्यानं तिला काही विचारलंच नाही. नकार ऐकण्यापेक्षा आठवणीतून काढलेलं बरं. दोन दिवस दार लावून त्यानं चेहरा काढला. डोळे तिचेच, नाक तिचंच, कपाळावरची आठीसुद्धा तिचीच. फक्त कातडी सगळीकडे एकसारखी सावळी. पातळ शाईचा हात असा काही बसला होता की स्वारी स्वतःवरच खूश झाली.

ती चहा घेऊन आत आली आणि चित्रासमोर थबकली.

"कोण ही?"

"तूच की गं."

"मी?" तिनं कप खाली ठेवला. "घरात आरसा आहे, म्हटलं. इतकी वर्षं पाठ करून उभी राहिले ती लोकांसाठी. तुम्हालाही मी पुसूनच हवी होते, हे आज कळलं."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगलं करायला गेला आणि जिच्यासाठी केलं तिलाच दुखावून बसला. त्यानं चित्राचे दोन तुकडे केले.

तिनंच खुर्ची ओढली आणि त्याच्याकडे तोंड करून बसली. "काढा आता. आणि चहा निवतोय."

त्यानं नवा कागद घेतला. पातळ शाईच्या कामात पांढरा रंग नसतो, पांढरं हवं तिथं कागदच कोरा सोडायचा. तिच्या गालावरच्या डागांच्या कडेकडेनं तो नवशिक्यासारखा जपून ब्रश फिरवत होता.

"नाक खाजतंय," ती म्हणाली.

"हलू नकोस."

"मग तुम्ही खाजवा."

त्यानं उठून खाजवलं. नाकावर शाईचा ठिपका उमटला आणि दोघंही पोट धरधरून हसली.

गुरुवारी दुपारी संपादिकेचा फोन आला. त्याचे हात शाईनं बरबटलेले, म्हणून बायकोनं स्पीकर लावून दिला.

"काका, चित्र फर्मास झालंय! पण गालावर आणि हनुवटीवर शाई लावायची राहिली वाटतं. इथं कॉम्प्युटरवर भरून घेऊ का?"

तो तोंड उघडणार एवढ्यात बायकोनं फोन हातात घेतला. एरवी अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की ती आतल्या खोलीत पळायची.

"काही राहिलं नाहीये, बाळ. समोर मीच बसले होते. माझा गाल तसाच आहे, तसाच छाप."

पलीकडून हळूच आवाज आला, "हो काकू. तसाच छापते."

"आणि हे बघ," ती म्हणाली, "चार अंक जास्तीचे पाठव. माझ्या बहिणींना द्यायचेत."