भागूबाईचा अर्धा धवला

भात झोडणं चाललं होतं. भागूबाई खळ्यात येऊन उभी राहिली, तरी रचनानं वर पाहिलं नाही. पेंढी फळीवर आपटली, तसे दाणे थेट म्हातारीच्या पायांवर.

"सरक मावशी. डोल्यात जाईल."

"एवढ्या वर्सांनी आले, नि सरक म्हनतेस?"

"मग काय ओवालू?"

आगाशीपलीकडच्या त्या खाडीकाठच्या गावात भटजी उशिरा आला तरी चालायचं, भागूबाई नाही. ती धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंत लग्नात गायचे सगळे धवले तिच्या डोक्यात. कोणी मोबाईल पुढे केला की म्हणायची, "माजा गला डब्यात भरून ठेवता काय रं?"

हाताखाली तिनं दोघी घेतल्या होत्या. सुरुचीनं तोंड उघडलं की मांडवातली पोरंटोरंही गप्प. पण तिसऱ्या ओळीला शब्द पसार. रचना, बहिणीची लेक, तिचा आवाज फाटक्या सुपासारखा. पण एकदा ऐकलेला धवला डोक्यातून हलायचा नाही. एकीनं गावं, दुसरीनं मागून शब्द पुरवावेत, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. भागूबाईची नजर मात्र भांडं सोडून त्याला पडलेल्या पोच्यावर. सुरुचीकडून तिनं शब्द घोकून घेतले, रचनाचा गळा घासत बसली. एकदा भर मांडवात तिला 'फाटका कर्णा' म्हणाली. बाया पोट धरून हसल्या. सुरुची कंटाळून विरारला दुकानात लागली. रचना मांडवात गायला बसायचीच बंद झाली.

आणि परवा एका हळदीत भागूबाई स्वतःच मध्ये थांबली. पुढची ओळ येईना. बायांना वाटलं, ठसका लागला. कोणीतरी स्पीकर लावला. उद्या तर गावातल्याच नथूच्या नातीचं, उन्नतीचं लग्न.

"तू नुस्ती मागं बस गो. कानात सांग. मी गाते."

"आता सुचलं?"

"चुकलं माजं. गल्याच्या मागं लागले नि डोकं बगलंच नाय. सोन्याचं डोकं हाय तुजं."

रचनाच्या हातातली पेंढी खाली आली. ती पेंढ्यावर बसली, डोळे मिटले आणि त्या फाटक्या आवाजात मांडवात रोवायच्या उंबराच्या फांदीचा धवला सुरू केला. दोन ओळी. थांबली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच.

"तुमी सगल्या हसलात, तवापास्नं मनातपन म्हनले नाय मावशी. भांडी घासताना ओठावर आलं, की नल मोठा सोडायचे." तिनं पदर तोंडाला लावला. "गेलं गो सगलं."

"असं कसं गेलं? आठव!"

"तुजं कसं गेलं?"

भागूबाई तिच्याजवळ खाली बसली. एकीला एक शब्द आठवे, दुसरीला भलताच. मधली ओळ काही जुळेना.

दुसऱ्या दिवशी मांडवात दोघी शेजारी बसल्या. उंबराच्या धवल्याच्या दोन ओळी झाल्या. मग त्याच दोन. पुन्हा त्याच. पुढ्यातल्या शाळकरी पोरींना वाटलं, धवला एवढाच असतो. त्यांनी तो चटकन उचलला आणि भागूबाईकडे बघत, हसत हसत, सुरात म्हणूनही दाखवला.