जिभेखालचं दाढीचं तेल

आमच्या ह्यांनी अख्ख्या गल्लीची तोंडं साफ केली, पण स्वतःच्या तोंडात काय चाललंय याचा मला पत्ता लागू दिला नाही.

हे न्हावी. घराच्याच पुढच्या खोलीत एका खुर्चीचं दुकान. हृदयाची झडप बदलल्यापासून रक्त पातळ ठेवण्याची गोळी रोज घ्यावी लागते आणि अधूनमधून रक्त तपासावं लागतं. इतकी वर्षं सगळं सुरळीत होतं. मग एकाएकी दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं, दंडावर काळेनिळे डाग उठले. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. रक्त नको तितकं पातळ झालं होतं.

“गोळी दोनदा घेता का?”

“नाही.”

“दुसरं काही नवीन औषध?”

“औषध? अजिबात नाही.”

बाहेर येताच सोबत आलेल्या मुलानं निकाल लावला. बाबा विसरायला लागलेत, गोळी घेतल्याचं विसरून पुन्हा घेतात. आणि अशा माणसाच्या हाती दुसऱ्याच्या गळ्याशी वस्तरा कसा द्यायचा? त्यानं वस्तरा कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात घातली. हे रिकाम्या खुर्चीशेजारी उभं राहून घडी घातलेल्याच टॉवेलांच्या पुन्हा घड्या घालत राहिले.

पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. गोळ्यांचा डबा ताब्यात घेतला. रोज माझ्या हातानं एकच गोळी, आणि गिळेपर्यंत नजर हलवायची नाही. पुढची तपासणी झाली तर रक्त आणखी पातळ. म्हणजे पाणी दुसरीकडंच कुठंतरी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात डोकावले. हे आरशासमोर जीभ वर करून उभे, हातात थेंब टाकायची छोटी बाटली. बाटलीवर ह्यांच्याच अक्षरात ‘दाढीचं तेल’.

“अहो, दाढी बाहेरून असते.”

ह्यांनी बाटली मुठीत लपवली. “तेलच आहे.”

“आणि तुम्हाला दाढी आहे कुठं?”

मग सगळं बाहेर आलं. दिवसभर उभं राहून गुडघे धरतात, म्हणून माझ्याच सख्ख्या भावानं ते आणून दिलं होतं. गांजाच्या झाडाचं तेल.

“त्यानं नशा येत नाही,” हे म्हणाले.

“मग अक्कल कशानं गेली?”

“गिऱ्हाइकाच्या तोंडाला नुसता विडीचा वास आला तरी मी तासभर उपदेश करतो. कुठल्या तोंडानं सांगणार होतो?”

“ज्या तोंडात थेंब टाकलेत त्याच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा वाचा बसली होती?”

“त्यांनी औषध विचारलं. हे तेल आहे.”

माणूस तसा खोटं बोलला नव्हता, हेच मला जास्त झोंबलं.

“वस्तरा गेला तरी गप्प राहिलात?”

“विसराळू न्हाव्याची लोक कीव करतात. गंजेडी न्हाव्यापुढं मान कोण करेल?”

मला हसू आलं, रागही आला, आणि खरं सांगते, भीती वाटली. कुठं पडले असते, डोक्याला मार लागला असता, तर रक्त थांबता थांबलं नसतं. त्याच दिवशी ह्यांना, मुलाला आणि बाटलीला घेऊन मी दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी बाटलीचा वास घेतला. “तुमच्या दुकानात खुर्च्या किती?”

“एक.”

“यकृताचंही तसंच समजा. ही गोळी मोडून संपवायचं काम यकृताचं. हे तेलही तिथंच जातं आणि खुर्ची अडवून बसतं. गोळीचा नंबर लागत नाही, ती रक्तात साठत जाते. घ्यायची एक, पण दोन घेतल्यासारखी.”

ह्यांनी जरा विचार केला. “म्हणजे आमच्या मेव्हण्यासारखं. दाढी झाली तरी उठत नाही, गप्पा हाणत बसतो.”

“अगदी. फक्त इथली बाकीची गिऱ्हाइकं कंटाळून घरी जात नाहीत.”

मुलगा खाली मान घालून ऐकत होता. तेल बंद झालं, गोळीही दोन दिवस थांबवली, मग पुन्हा तपासणी. “यापुढं तेल, पाला, चूर्ण, काहीही सुरू करा नाहीतर बंद करा, आधी मला सांगा,” बाई म्हणाल्या. “यकृत बाटलीवरचं नाव वाचत नाही.”

रक्त ताळ्यावर आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा भाऊ सवयीनं येऊन खुर्चीत बसला आणि बोलायला लागला. तेवढ्यात मुलगा आतून आला.

“मामा, ऊठ. नंबर माझा आहे.”

त्यानं वस्तरा ह्यांच्या हातात दिला, खुर्चीत बसला आणि मान मागं टाकली. ह्यांनी सावकाश फेस लावला. पातं गळ्याला टेकलं तेव्हा दारातून बघताना मी चौकट घट्ट धरली. ह्यांचा हात मात्र सरळ चालला.

“बाबा,” मुलगा हळूच म्हणाला, “माझी पहिली दाढी तुम्हीच केली होती. आठवते?”

“हलू नकोस,” हे म्हणाले. “विसराळू माणूस आहे मी. नाहीतर पातं कुठं थांबवायचं तेच विसरायचो.”