एकशेदहाचे दिवे

गुड फ्रायडेची दुपार. फिलिपिन्समधल्या लागुना प्रांताच्या त्या गावात साधी टपरीसुद्धा उघडी नव्हती. आणि नेमकी आजच गेलेली वीज परत येताना असा तडाखा देऊन आली, की ल्योनिंगच्या उबवणी पेटीतले ऊब देणारे सगळे दिवे उडाले. आत बदकाची चारशे अंडी, पिल्लं बाहेर पडायचा दिवस. तापमानाचा काटा सदतीसवरून छत्तीसवर उतरला होता.

"गेल्या वर्षी सगळी मेली," तिचा थोरला दीर दांडिंग म्हणाला. "यंदाही मेली, तर पेटी मी नेणार. सांगून ठेवतो."

ल्योनिंगला शिकागोच्या बहिणीने पाठवलेल्या खोक्यात चार दिवे निघाले. एक शंभर वॉटचा, तीन चाळीसचे. पण मेले अमेरिकेचे, एकशेदहा व्होल्टचे. इथे दोनशेवीस!

"त्यात काय एवढं? एकापुढे एक दोन लाव. एकशेदहा नि एकशेदहा, झाले दोनशेवीस! सगळं गाव हेच करतं," म्हणत दांडिंगने शंभराला चाळीसचा जोडून बटण दाबलंसुद्धा. चाळीसचा पांढराफेक पेटला आणि फटकन उडाला.

"कुया, हात लावू नका म्हणते ना!" ल्योनिंग ओरडली. ज्याला कुया, म्हणजे दादा, म्हणायचं त्या थोरल्या दिरावर ती जन्मात पहिल्यांदा ओरडली होती.

तिने खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिल टेकवली. शंभराचा रोध एकशेएकवीस ओहम, चाळीसचा तीनशेदोन. बेरजेने दोनशेवीसला भागलं, प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या किंचित वर. तो दोघांतून सारखाच, पण ज्याचा रोध मोठा त्याच्यावर व्होल्टचा भारही मोठा. चाळीसच्यावर एकशेसत्तावन्न पडले होते. उडेल नाहीतर काय!

मग उरलेले दोन चाळीसचे शेजारी शेजारी जोडले तर? दोघांचा मिळून रोध एकशेएक्कावन्न. त्यांच्या पुढे शंभराचा. प्रवाह पॉइंट एक्क्याऐंशी. चाळीसच्यांवर एकशेबावीस.

"म्हणजे बारा जास्तच," दांडिंग म्हणाला. "सोसतील?"

"ठाऊक नाही हो." तिला रडू फुटायच्या बेतात होतं. काटा चौतीसवर आला होता आणि दुसरे दिवे नव्हते.

तिने तारा पिळल्या, चिकटपट्टी गुंडाळली, डोळे मिटून बटण दाबलं. आवाज आला नाही. डोळे उघडले तर तिन्ही पेटलेले. काटा हलेना. दोघंही जागचे हलले नाहीत. पस्तीस व्हायलाच जीव अर्धा झाला. मग छत्तीस. सदतीस झाले तेव्हा एका अंड्याला चीर गेली आणि आतून ओली चोच बाहेर आली. ल्योनिंग ढसाढसा रडली.

"तू जेवून घे जा," दांडिंग हळूच म्हणाला. "मी बसतो."

"पेटी माझी आहे. मीच बसणार."

तो चपला काढून तिच्या शेजारी जमिनीवर बसला.